खोल पाण्यातला लाल रंग

अहमदपूरला तहसीलसमोर माझ्या मामांचं झेरॉक्सचं दुकान आहे. एका उन्हाळ्यात त्या दुकानावर फ्लेक्स लागला. डावीकडं पदवीदानाचा काळा झगा घातलेली मी, उजवीकडं माझ्या डोक्याएवढी लाल गोळी आणि मधोमध मिशा पसरलेला एक झिंगा. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘समुद्राच्या तळाची नजर आता तुमच्या डोळ्यात. संशोधन आमच्या भाचीचं.’

मी नांदेडहून सुट्टीला आले होते. हातात पिशवी, डोक्यावर ऊन आणि समोर मीच. येणारेजाणारे माझ्याकडं बघत होते, मग फ्लेक्सकडं, मग परत माझ्याकडं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की फोटोतला झिंगा मेलेला आहे. नुसता मेलेला नाही, शिजवलेला आहे. आपल्याकडं येणारा झिंगा जिवंतपणी असा लालभडक नसतो. आणि शिजवलेल्या झिंग्याला काही दिसत नसतं.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. कुणी विचारलं नाही तरी सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वडील मी लहान असतानाच गेले. माय शाळेत पोरांची खिचडी शिजवते. मामा म्हणजे मायचे धाकटे भाऊ. बारावीनंतर त्यांनीच मला फटफटीवर मागं बसवलं, मांडीवर गादीची वळकटी दिली आणि नांदेडला कॉलेजात नेऊन सोडलं. वाटेत लोह्याला चहा पाजला आणि म्हणाले, “बाई, आता परत येशील तर शिकूनच ये. मधी येऊ नको.” तेव्हा मामांना मी वाईट म्हणणार नाही. हे सगळं लिहून झाल्यावरही म्हणणार नाही.

एम.एस्सी.ला माझं प्राणिशास्त्र होतं. शेवटच्या वर्षी सरांनी प्रबंधाला विषय दिला : समुद्री कवचधारी प्राण्यांतली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. गोदावरी पाहिली होती, आणि तीच मला मोठी वाटायची.

“सर, समुद्र कुठून आणू?”

“समुद्र मासळी बाजारात येतो,” सर म्हणाले. “बर्फात.”

ते खरं निघालं. आंध्राच्या किनाऱ्यावरून रेल्वेनं थर्माकोलचे खोके यायचे. बाजारात एक चाचा होते, त्यांच्या घरात बापजाद्यांपासून हाच धंदा. गिऱ्हाइकाला ते झिंगे सोलून द्यायचे आणि डोकी-सालं माझ्यासाठी वेगळ्या पिशवीत बर्फावर ठेवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला नीट बघून घेतलं.

“लोगां माल ले जाते, तुम कचरा ले जाते. करते क्या बेटा इसका?”

“रंग निकालती, चाचा.”

“रंग? कपडे रंगाने का?”

“नहीं. डिग्री रंगाने का.”

चाचा इतके हसले की हातातली सुरी खाली ठेवावी लागली. नंतर मात्र मी दिसले की ओरडायचे, “आओ, कचरा मॅडम आओ!” अख्खा बाजार बघायचा. मला राग नाही यायचा. त्या कचऱ्यावर मी विद्यापीठात बसून काम करत होते, आणि माझ्या घराण्यात तोवर कुणी विद्यापीठाच्या फाटकातून आत गेलेलं नव्हतं.

आता तो रंग काय आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. ताजा झिंगा राखाडी असतो, निळसर, थोडा हिरवट. पण त्याच्या कवचात लाल रंग आधीपासून असतो. एक प्रथिन त्याला मुठीत आवळून धरतं, आणि मुठीत आहे तोवर तो निळा-राखाडी दिसतो. उकळत्या पाण्यात टाकलं की मूठ सुटते आणि लाल रंग उघडा पडतो. झिंगा हा रंग स्वतःच्या अंगात पहिल्यापासून घडवत नाही. पाण्यातल्या बारीक शेवाळात तो तयार होतो आणि एकानं दुसऱ्याला खाता खाता झिंग्यापर्यंत पोचतो. त्याचं नाव अॅस्टाझँथिन. मी सालं वाळवायची, कुटायची, अॅसिटोनमध्ये भिजवून गाळायची. काचेच्या नळीत तो उतरला की लगेच नळीला काळा कागद गुंडाळायचा, कारण ह्या रंगाला उजेड सोसत नाही. उघड्यावर राहिला की फिका पडतो, पिवळा पडतो आणि मग काहीच उरत नाही.

ह्या रंगाची एक गोष्ट मला फार आवडायची आणि तिची भीतीही वाटायची. खूप खोल पाण्यात काही झिंगे जिवंतपणीच लाल असतात. उन्हातला लाल भाग वरच्या पाण्यातच विरून जातो, तळापर्यंत पोचत नाही. म्हणून तिथं लाल म्हणजे काळा. लाल झिंगा अंधारात अंधार होऊन बसतो आणि त्याला खायला आलेला मासा त्याच्या शेजारून निघून जातो. म्हणजे तो रंग बघण्यासाठी नाहीच. तो न दिसण्यासाठी आहे.

प्रबंधाच्या प्रती मामांच्याच दुकानात झेरॉक्स झाल्या. मामांना इंग्रजी अक्षर लावून लावून वाचता यायचं. पण प्रत्येक पानावर येणारा तो लांबलचक शब्द त्यांनी बोट ठेवून पाठ केला, आणि गिऱ्हाइकांना म्हणून दाखवला. पुढं डिग्री आली. डिग्रीला लॅमिनेशन करू नये असं म्हणतात. मामांनी ते दोनदा केलं, एकावर एक.

त्यानंतर काही वर्षं गेली. मी नांदेडला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. आणि एके दिवशी मामांच्या दुकानात कुठल्याशा कंपनीचा माणूस पत्रकांच्या झेरॉक्स काढायला आला. सोबत गोळ्यांची बाटली होती, आणि बाटलीवर तो शब्द. पुढचं मला मायनं सांगितलं. मामा दुकान उघडं टाकून तसेच घरी पळत आले म्हणे, हातात बाटली. “आक्का, हा तर आपल्या पोरीचा शब्द!” त्यांच्या डोळ्यात पाणी होतं.

तिथून सुरू झालं. मामा त्या कंपनीत शिरले, त्यांच्या खालोखाल आणखी माणसं शिरली. दर रविवारी विहाराच्या मागच्या हॉलमध्ये बैठक व्हायची. प्रत्येक बाटलीसोबत मामा एक कागद द्यायचे : माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. बायका तो कागद घडी करून बाटलीला रबर लावून ठेवत. त्यातलं इंग्रजी वाचता कुणालाच येत नसे. पण त्यावर माझं नाव होतं, आणि ते नाव सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

फ्लेक्स पाहिला त्या दिवशी मी घरी न जाता सरळ दुकानात गेले.

“जयभीम मामा. फ्लेक्स काढा.”

“जयभीम, जयभीम. कामून? फोटो चांगला न्हाई आला का?”

“फोटो चांगलाय. लिहिलंय ते खोटं हाय.”

“काय खोटं? तू ह्याच्यावर शिकली का न्हाई?”

“शिकले.”

“बाटलीत तेच हाय का न्हाई?”

“लेबल म्हणतंय हाय म्हणून.”

“मंग?”

“मामा, मी झिंग्याच्या सालीतनं रंग काढला. माणसाच्या डोळ्याला मी हातसुद्धा लावला न्हाई. डोळ्याला काय झालंय ते डॉक्टर बघंल. ह्यानं दिसायला लागतं असं मी कुठं लिहिलं न्हाई, कधी म्हणले न्हाई.”

बाकड्यावर दोन-तीन माणसं आपापल्या कागदांसाठी थांबली होती. मामा त्यांच्याकडं वळले. चेहरा फुललेला.

“बघा,” ते म्हणाले. “शिकलेल्या माणसाला गर्व नसतो. स्वतःच्या तोंडानं कधी म्हणायचं न्हाई.”

माणसांनी माना डोलावल्या. एकानं तर मला हात जोडले.

मी ह्या गोष्टीवर पुष्कळ डोकं फोडलं आहे. मी नाही म्हटलं की तो माझा मोठेपणा व्हायचा. जोरात नाही म्हटलं की मामा-भाचीची कुरबुर. माझी डिग्री सगळ्यांनी मानली होती, मी काय बोलते ते कुणी ऐकत नव्हतं. त्या दिवशी मामांनी माझी एकच गोष्ट ऐकली. बाटल्या काचेच्या कपाटात रस्त्याकडं तोंड करून ठेवलेल्या होत्या, दुपारभर त्यांच्यावर ऊन. मी चिडून म्हटलं, “निदान उन्हातनं तर काढा, रंग उडतो त्याचा.” ते त्यांना तत्काळ पटलं. पुढच्या रविवारपासून प्रत्येक बाटलीला काळा कागद गुंडाळलेला होता आणि मामा हॉलमध्ये सांगत होते, “आमच्या भाचीनं खास सांगितलंय, उजेड लागू द्यायचा न्हाई.” काळ्या कागदानं बाटली जास्तच औषधासारखी दिसायला लागली.

पहिली बाटली मायला मिळाली होती. माय तेव्हा म्हणायची की डोळ्यापुढं धुकं आल्यासारखं होतं. आमच्याकडं चाळिशी-पन्नाशी ओलांडली आणि नजर कमी झाली की त्याला मोतीबिंदू म्हणतात, आणि मोतीबिंदू पिकायची वाट बघतात, आंबा अढीत घातल्यासारखी. कच्चा काढायचा नसतो म्हणे. माय म्हणायची, “पिकू दे की. पिकला का काढू. तवर भावाची गोळी हायच.” आणि रविवारी मामा तिला हॉलमध्ये उभं करायचे. “आक्का, सांग. दिसतंय का?” माय पदर सावरून म्हणायची, “दिसतंय. लई फरक हाय.” बायका टाळ्या वाजवायच्या.

मी विचारलं की मलाही तेच उत्तर. पण त्या सुट्टीत मी तिला बघत होते. ती मान फार वळवायला लागली होती. अख्खी मान, कोंबडीसारखी. तिच्या डाव्या दंडावर काळानिळा डाग होता, आणि तो जायच्या आत त्याच जागी दुसरा. स्वयंपाकघराच्या चौकटीची डावी बाजू रोज तिला लागायची आणि रोज ती चौकटीलाच शिव्या द्यायची. एकदा तिनं पाण्यानं भरलेला तांब्या ओट्याच्या डाव्या कडेवर ठेवला. म्हणजे तिला वाटलं ठेवला. तो खाली गेला. ती पाण्याकडं बघून हसली आणि म्हणाली, “निसटला मेला.” मी पुसायला वाकले, तर ती माझ्या पाठीवरच अडखळली. मी तिथं होते हे तिला माहीत नव्हतं. मी तर नुकतीच तिच्याशी बोलत होते.

सुट्टी संपायला आली, शाळा नुकत्याच उघडल्या, तेव्हा एका दुपारी ती घरी डबा विसरली म्हणून मी शाळेत गेले. मधली सुट्टी झाली होती. माय पातेल्यामागं बसून वाढत होती, पोरांची रांग लागलेली. ती रांग मला विचित्र दिसली. ऊन डावीकडं नव्हतं, चिखल नव्हता, डावीकडं अंगण मोकळं होतं. तरी पोरं लांबून वळसा घालून उजव्या बाजूनंच येत होती. पहिलीतली एक नवी पोरगी ताटली घेऊन मायच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. माय वाढत राहिली, हिला सोडून. पोरगी ताटली पुढं करून तशीच. मग दुसरी-तिसरीतल्या एका मुलीनं तिला दंडाला धरून ओढलं.

“तिकडं उभं नको राहू गं. तिकडं राह्यलं का तू न्हाईच. इकडं ये, मंग तू हायस.”

तिनं ते अगदी साधं सांगितलं. चप्पल कुठं काढायची ते सांगावं तसं. सगळ्या शाळेला माहीत होतं. आम्ही घरातले, हॉलमधले, टाळ्या वाजवणारे, आम्हाला माहीत नव्हतं.

मी पुढं गेले आणि मायच्या डाव्या अंगाला उभी राहिले. हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता, एवढ्यावर. काही बोलले नाही. तिनं पळी बुडवली, वाढलं, पदरानं घाम पुसला, एका पोराला “अजून घे रे, लाजू नको” म्हणाली. मी तिथं नव्हते. कितीतरी वेळ मी तिथं नव्हते. शेवटी मीच घाबरून “माय” अशी हाक मारली, तर ती दचकून उजवीकडं बघायला लागली.

दुसऱ्याच दिवशी मी तिला लातूरला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. ती एसटीत बसेपर्यंत कुरकुरत होती. “अगं पिकला न्हाई अजून. मामाला काय वाटंल? म्हणंल, माझ्यावर भरवसा न्हाई.” मी म्हटलं, मामांना मी सांगते. “तू काय सांगतीस? तुझं ऐकतो का तो?” हे तिचंही खरं होतं.

दवाखान्यात डोळ्यात थेंब घातले, दाब मोजला, आणि मग तिला एका अंधाऱ्या खोलीत मशीनसमोर बसवलं. आतून पांढरी, मोठ्या कढईएवढी वाटी. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि समोरच्या ठिपक्याकडं बघत राहायचं. वाटीत इकडं-तिकडं बारीक दिवा चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. खोलीतली मुलगी तिला समजावून सांगत होती. मी पडद्याबाहेर बसले.

टक. टक. टक. टक.

मी परीक्षेच्या हॉलमध्ये उभी राहणारी बाई आहे. प्रश्न न वाचता लिहिणारं पोर मला पाठमोरं ओळखू येतं. ते टक-टक घड्याळासारखं चाललं होतं.

“मावशी, दिवा दिसला तरच दाबा हं.”

“दिसतंय की.”

टक. टक. टक.

थोड्या वेळानं मुलगी बाहेर आली. म्हणाली, “हे धरता येणार नाही. दिवा नसतानाही दाबलंय त्यांनी. परत करावं लागेल.” आतून मायचा आवाज आला, “काय झालं? पास झाले ना?”

मी आत जाऊन तिच्यासमोर उकिडवी बसले. “माय, कामून दाबत होतीस?”

ती ओशाळली. “मला काय ठाऊक? मी कधी परीक्षेला बसले का? एवढी शिकलेली पोरगी बाहेर बसली अन् माय नापास, असं नको व्हायला.”

“माय, हितं खोटं पास होऊ नको. न दिसलेलं न्हाई म्हण.”

ती बराच वेळ बटण हातात फिरवत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “मंग खरंच सांगू?”

“सांग.”

दुसऱ्यांदा मी परत पडद्याबाहेर बसले. उजव्या डोळ्याच्या वेळी टक यायचं, मग लांबलचक काहीच नाही, मग एखादं टक. नंतर पट्टी ह्या डोळ्यावरून त्या डोळ्यावर गेली आणि डाव्या डोळ्याची पाळी आली. मशीनचा बारीक घूंऽऽ असा आवाज चालू होता. म्हणजे दिवे लागत होते. एकामागून एक लागत होते, कुठं कुठं लागत होते, आणि आत शांतता होती. मी न दाबलेलं बटण ऐकत बसले. अशी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती.

डॉक्टर बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मायलाच सांगितलं, मला नाही. ते मला आवडलं. “मावशी, हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. हा पिकत नाही. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही म्हणून कळत नाही. कडेपासून सुरू होतं. डावा डोळा गेलाय. उजव्याचा मधला आणि उजवीकडचा थोडा भाग राहिलाय.”

“गेलेलं परत?” मी विचारलं.

“येत नाही. उरलेलं थेंबांनी टिकवायचं. रोज, जन्मभर, एक दिवस न चुकता.”

मी पिशवीतून ती बाटली काढून टेबलावर ठेवली. काळा कागद, वर माझ्या प्रबंधाचं पान. डॉक्टरबाईंनी कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं, बाटली फिरवून पाहिली.

“ह्यानं डोळा गेला असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “हे घेण्यात वेळ गेला.” मग त्यांनी मायला विचारलं, “घरात आणखी कुणाला असं होतं?”

“आमची आई शेवटी भिंत धरून चालायची,” माय म्हणाली. “म्हातारपण म्हणायचो आम्ही.”

“भाऊ, बहिणी?”

“एकच भाऊ हाय.”

“त्यांना घेऊन या. हे रक्तात चालतं. आणि मुलीचेही डोळे आजच बघते.”

माझे ठीक निघाले. दर वर्षी दाखवायचे, एवढंच. तो ‘एवढंच’ शब्द त्यांचा आहे, माझा नाही.

परतीच्या एसटीत माय खिडकीशी बसली होती. स्वतःच्या डोळ्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. शिरूर ताजबंद मागं पडल्यावर एकदम म्हणाली, “परवा दुकानापाशी भावानं माझ्या अंगावर गाडी घातली होती. थोडक्यात वाचले. मला वाटलं, मीच मधी आले. मला दिसत न्हाई म्हणून.” आणि थोड्या वेळानं, “त्याला कामून न्हाई दिसले मी?”

बाहेर सोयाबीनची रानं मोकळी पडलेली होती आणि रस्त्यावर फटफट्या पळत होत्या.

मामांना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, लातूरला चला म्हटलं. ते हसले. “मला काय झालंय? मी स्वतः रोज गोळी खाऊन राह्यलो.” मायच्या डोळ्याचं मात्र पूर्ण ऐकून घेतलं, आणि जाताना म्हणाले, “दोन-दोन घेतल्या असत्या तर?”

रविवारी ते नेहमीसारखे मायला बैठकीला न्यायला आले. गाडी दारात लावली, बाटल्यांचं खोकं उतरवलं, चावी बाजेवर टाकली आणि चहाला बसले. माय त्यांच्यासमोर बसली.

“भाऊ, एक डोळा हातानं झाक.”

“हे काय नवीन?”

“झाक तर. अन् माझ्या नाकाकडं बघ. नाकाकडंच. आता सांग, ह्या बाजूला माझी बोटं किती?”

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिच्यावर हे करून बघितलं होतं. मामांनी हसत हसत एक डोळा झाकला. नाकाकडं बघितलं. आणि जराही न थांबता म्हणाले, “दोन.”

मायचे दोन्ही हात पदराखाली होते.

मी भिंतीला टेकून उभी होते. मामांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना काहीतरी कळलं. “तीन का?” ते म्हणाले. मग, “चार? आक्का, हलवू नको ना हात.”

“हात वरच न्हाई, भाऊ,” माय म्हणाली. “मी बी अशीच दाबत होते.”

चहा तसाच राहिला. मामांनी चावीसाठी बाजेवर हात फिरवला. चावी तिथं नव्हती. मायनं ती कमरेला खोचली होती.

“आक्का, चावी दे. लोकं बसले असतील.”

“बसू दे.”

“दे म्हणतो ना.”

“लातूरला चल. मंग देते.”

मग मामा माझ्याकडं वळले. इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं. तोवर ते फक्त सांगत आले होते. “बाई, रंग चांगला हाय ना गं? तूच काढलाय ना तो?”

“रंग चांगलाय मामा,” मी म्हटलं. “झिंग्यासाठी चांगलाय. तुमच्या डोळ्याला डॉक्टर लागतो.”

ते उठले. खोकं काखेत मारलं आणि चालत निघाले. मी मागोमाग हॉलमध्ये गेले. त्या दिवशी मी माईक हातात घेतला आणि माझ्या तोंडानं, आमच्या बोलीत, सगळं सांगितलं. मायचा डोळा गेला हे सांगितलं. हा रंग बघण्यासाठी नाही हे सांगितलं. कडेचं दिसत नसेल, ठेच लागत असेल तर उद्याच्या उद्या डॉक्टर गाठा म्हणाले. बायका मन लावून ऐकत होत्या. संपल्यावर मामांनीच पहिली टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी. पुढच्या रांगेतली एक आजी हात वर करून म्हणाली, “बाई, एवढं सांगितलं ते बरं केलं. आता एक सांग, ही सकाळी अनशापोटी घ्यायची का जेवल्यावर?”

दुसऱ्या आठवड्यात दोन बायका मात्र लातूरला जाऊन आल्या. एवढं झालं. बैठका चालू आहेत. मामा लातूरला आलेले नाहीत. तारीख ठरली की त्यांना काम निघतं. दुकानात ते आता टेबल सोडून उठत नाहीत, कागद हातात आणून द्यावा लागतो. आमच्या घरावरून जातात तेव्हा चालत जातात, रस्त्याच्या पलीकडून.

माय शाळेत जाते. थेंब ती चुकवत नाही. मी नांदेडहून सकाळी आणि संध्याकाळी फोन करते, पण आठवण करून द्यायची वेळ तिनं अजून येऊ दिलेली नाही. चावी तिच्या कमरेला असते. मामांची गाडी अजून दाराच्या डाव्या अंगाला उभी आहे, सीटवर धूळ. रोज निघताना माय त्या बाजूला हात लांब करते आणि चाचपते. हँडल हाताला लागलं की मग ती निघते.